नेमानीचा पाय

बसमधून उतरताना इसोआच्या डाव्या पायात पचकन आवाज झाला. डावा पाय म्हणजे नेमानीचा पाय. त्याला आपला म्हणायची सवय इसोआला अजून लागली नव्हती. नुकताच पाऊस पडून गेला होता, आणि सूवाच्या बसस्टँडवर नुकताच पाऊस पडून गेलेला नाही अशी वेळ तशी येतच नाही, त्यामुळे त्याला आधी वाटलं, बुटात पाणी शिरलं. पण आवाज बुटातून आला नव्हता. तो वरून आला होता, गुडघ्याच्या जरा खालून, जिथे त्याचा जन्माचा पाय संपत होता आणि प्लास्टिकची खोबण सुरू होत होती. खांब धरत धरत तो बाकापर्यंत गेला, बसला, कमरेला गुंडाळलेल्या सुलूची कड गुडघ्यावर घेतली आणि खोबणीच्या काठातून एक बोट आत सरकवलं. मोज्यांच्या घड्या ओल्या लागल्या. बोट बाहेर काढलं तर लाल. शेजारी रोटीची पुडकी विकणारी बाई ते बघत होती. "लागलं का हो काका?" तिने विचारलं. इसोआ म्हणाला, घाम आहे. "लाल घाम?" बाई म्हणाली, आणि तिने पुडक्याच्या कागदाचा एक तुकडा फाडून त्याच्या हातात दिला. त्याने बोट पुसलं. दुखत काहीच नव्हतं. साखरेने पायातली जाणीव केव्हाच खाऊन टाकली होती. त्याचं खरं दुखणं तेच होतं, की दुखत नव्हतं. आणि हे त्या बाईला कसं सांगायचं, आणि सांगून तरी ती काय करणार होती.

आज त्याचा मामेभाऊ नेमानी परत ब्रिस्बेनला जायचा होता. नाबुआच्या चर्चच्या सभागृहात त्याच्या निरोपाचं जेवण होतं. इसोआची बायको वासिती सकाळीच दालोचे कंद सोलायला पुढे गेली होती, आणि निघताना तिने दोनदा विचारलं होतं, माझ्याबरोबर टॅक्सीने येतोस का म्हणून. त्याने नको म्हटलं. त्याला एकट्याने यायचं होतं. लामीहून बसने स्टँडवर, स्टँडवरून दुसऱ्या बसने नाबुआ, आणि मग रस्त्यापासून सभागृहाच्या दारापर्यंत चालत, कुबड्या घरी ठेवून. नेमानीने ते पाहावं म्हणून. कुणी मनापासून काही दिलं की ते वापरून दाखवायचं, एवढीच त्याची पोच असते. आणि नेमानीने तर पाय दिला होता. ही दुसरी बस मोठ्या हॉस्पिटलवरून जाते. त्या रस्त्यावर इसोआने अर्धं आयुष्य बस चालवली होती, कुठल्या वळणावर कुठली म्हातारी दोरी ओढून घंटा वाजवते तेसुद्धा त्याला पाठ होतं. बस मोठी चढण चढून हॉस्पिटलच्या दाराशी थांबते आणि मग पुढे नाबुआकडे जाते. म्हणजे मधेच उतरता येत होतं. उतरून वॉर्डमधल्या सिस्टरला सांगता आलं असतं की बघा जरा, ओलं लागतंय. ती खोबणीतून पाय काढायला लावेल, बघेल आणि मग ती काय म्हणेल हे त्याला माहीत होतं, कारण ती ते आधीच म्हणून चुकली होती.

तिचं नाव रोशनी. पाय कापल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती पट्टी बदलत होती, तेव्हा तिने त्याच्या गुडघ्यावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. "इसोआ, हा राहिलाय तुझा. हा जप," ती म्हणाली होती. "गुडघा असलेला माणूस कशावरही चालतो. लाकडावर चालेल, नळीवर चालेल. गुडघा गेलेला माणूस मी तरी इथून चालत गेलेला पाहिला नाही." शेजारच्या खाटेवर कांदावू बेटावरचा एक म्हातारा होता, त्याचा मांडीतून गेला होता. त्याला ते ऐकू गेलं. सिस्टर गेल्यावर तो इसोआला म्हणाला, तुझा गुडघा रात्री नीट पांघरुणात घेत जा बाबा, इथे चोऱ्या होतात. दोघं हसले. म्हातारा मग बोटीने बेटावर परतला आणि पावसाळा संपायच्या आत गेला, असं कुणीतरी सांगितलं. कशाने, ते सांगितलं नाही. मांडीतून पाय गेलेली माणसं कशाने म्हणून जात नाहीत, ती आपली घराच्या आतल्या खोलीत जातात, मग आणखी आतल्या, आणि मग जातात. इसोआने स्वतःच्या गल्लीत अशी माणसं पाहिली होती. तेव्हा पाहिली होती म्हणजे बसच्या खिडकीतून, ड्रायव्हरच्या जागेवरून, वरून. तेव्हा त्याला वाटायचं की हे लोक आळशी आहेत, जरा हातपाय हलवले तर काय बिघडेल.

बस आली. पायरी चढताना त्याने आधी उजवा पाय टाकला, मग खांबाला लोंबकळून नेमानीचा पाय वर ओढून घेतला. पुन्हा पचकन झालं. ड्रायव्हर ओळखीचा निघाला, वाईसाले, एके काळी इसोआच्याच हाताखाली शिकलेला. त्याने इंजिन बंद करून वाट पाहिली, मागच्यांना हात दाखवून थांबवलं, आणि इसोआ खिडकीशी बसल्यावरच बस काढली. हे इसोआला आवडलं नाही. इंजिनाच्या पेटीकडे त्याची नजर गेली. ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी ती पेटी, तिच्या कडेचा पत्रा, आणि क्लच. त्याच्या बसमधला पत्रा कुजला होता, तिथे भोक पडलं होतं, तिथून गरम हवा यायची. सगळेच ड्रायव्हर रबरी चपला घालायचे. एका संध्याकाळी घरी येऊन तो चटईवर बसला आणि वासितीने नाक वर करून विचारलं, काय जळतंय. ती चुलीपाशी जाऊन आली, शेजारी डोकावून आली, आणि मग त्याच्या पायाशी वाकली. करंगळीच्या बाजूला फोड येऊन फुटला होता, चपलेचं रबर कातडीला चिकटलं होतं. त्याला पत्ताच नव्हता. इतका कसा पत्ता नाही, म्हणून त्या रात्री दोघं हसलेसुद्धा. मग समुद्राचं पाणी झालं, पाला वाटून लावणं झालं, चर्चमध्ये प्रार्थना झाली. दवाखान्यात गेला तर पट्टीचं सामान संपलं होतं, दुसऱ्यांदा गेला तर डॉक्टर दुसऱ्या गावी गेले होते, तिसऱ्यांदा जायचं त्या दिवशी बसवर त्याची पाळी होती. बोट गेलं. मग पाऊल. मग नडगी अर्ध्यावर. दरवेळी कुणीतरी म्हणायचं, आधी का नाही आलात.

आणि नेमानीचंही अगदी असंच. याचंच इसोआला राहून राहून नवल वाटायचं. मामेभाऊ म्हणजे इथे तावाले. दोघांच्या अंगात एकाच आजीची साखर. नेमानी तरुणपणीच ब्रिस्बेनला गेला, तिथे एका गोदामावर पहारेकरी झाला, आणि नव्या बुटाने त्याची टाच सोलली. त्यालाही कळलं नाही. पण त्याच्या घरी रोज नर्स यायची. घरी यायची, हे तो सांगताना इसोआने त्याला पुन्हा म्हणायला लावलं होतं. जखमेवर एक यंत्र लावलं होतं, ते आतला पू ओढून घ्यायचं. मांडीतून नळी घालून त्याची रक्तवाहिनी मोकळी केली, ती परत मिटली, परत मोकळी केली. शेवटी पाय गेलाच. पण जाण्याआधी तो लोकांनी अडवून पाहिला. इसोआचा पाय निघाला तेव्हा त्याला अडवायला कुणी उभंच नव्हतं. नंतर नेमानीला चालायला शिकवलं, पडायला शिकवलं, पडून उठायला शिकवलं. इसोआने पाय बनवणाऱ्या सरकारी खोलीत नाव घातलं होतं. तिथला माणूस भला होता, प्रत्येक वेळी खुर्ची द्यायचा आणि म्हणायचा, सामान आलं नाही. मग कुबडीचं रबर झिजलं, ओल्या फरशीवर ती घसरायला लागली, आणि इसोआने जाणं सोडलं. सामान आलं असतं तर त्यांनी कळवलं असतं, असं तो वासितीला सांगायचा. तीही हो म्हणायची.

नेमानी आला त्या संध्याकाळी सगळं घर भरलं होतं. तो आला तो फूटपाथवरून ताठ, बॅग ओढत, आणि दाराशी येऊन अडला, कारण आत जायचं तर बूट काढायला हवेत आणि बूट काढला तर त्याचा पाय मागे कलतो, टाचेची उंची जुळलेली असते म्हणे. तेव्हा त्याने पायरीवर बसून बॅग उघडली, आतून दुसरा पाय काढला, अंगातला काढून तिथे ठेवला, तो घातला, आणि अनवाणी आत आला. सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. हा पाण्याचा पाय, तो म्हणाला. आंघोळीचा, समुद्रावर जायचा. आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून त्याला तळाशी भोकं होती. त्याच्या पायवाल्या बाईने त्याला असा वेगळा करून दिला होता. इसोआ तिथेच, भिंतीला टेकून, रिकामा सुलू मांडीखाली दुमडून बसला होता. त्याला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही की त्याच क्षणी त्याला नेमानीचा तितकाच रागही आला. बाहेर पायरीवर नेमानीचा एक पाय बूट घालून एकटाच उभा होता, आणि पोरंटोरं त्याच्याभोवती जमली होती.

यांगोनाच्या मुळीचं पेय भरलेल्या करवंट्या फिरायला लागल्या. तावाले म्हटला की त्याची टर उडवायची, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. न उडवली तर माणूस आजारी आहे की काय असं वाटतं. नेमानीने सुरुवात केली. "काय रे, अर्धाच उरलास," तो म्हणाला, "आत्याने पूर्ण दिला होता ना?" इसोआ म्हणाला, तुझ्यासारखा पायांचं दुकान उघडून नाही बसलो. नेमानीने विचारलं, तुझा कुठे आहे आता. गावी पुरला, इसोआ म्हणाला, आईच्या शेजारी, मेव्हण्याने नेऊन पुरला, पाद्रीबाबाने चार शब्दही म्हटले. नेमानीने करवंटी खाली ठेवली. "माझा त्यांनी कुठे टाकला ते मी विचारलंच नाही," तो म्हणाला. "जाळतात म्हणे. तुझा निदान आत्यापाशी झोपलाय." तिकडच्या वॉर्डात कोण कोण होतं ते त्याने सांगितलं: लांबच्या वाळवंटातून आणलेले तिथले मूळचे लोक, एक टोंगाचा, एक सामोआचा, आणि गोरा एखाददुसरा. तिकडेसुद्धा पाय आपल्यासारख्यांचेच जातात रे, तो म्हणाला, फक्त नंतर दुसरा मिळतो. सगळे गप्प झाले. असा गप्पपणा तावालेंच्या बैठकीत चालत नाही, तो मोडायचं काम इसोआचं होतं, कारण घर त्याचं. आणि तो म्हणाला, "ही कसली वाटणी झाली? तुझ्याकडे दोन आणि माझ्याकडे शून्य. एक टाक इकडे."

सगळे खो खो हसले. नेमानीही हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं, इसोआला ते उतरताना दिसलं. रक्ताच्या माणसाने मागितलं की द्यायचं असतं. केरेकेरे म्हणतात त्याला, आणि त्यात थट्टेत मागितलं की खरं मागितलं, असा भेद कुणी करत नाही. मागितलेलं शब्दात निघालं की निघालं. पोराने शर्ट मागितला, काढून दिला. भावाने होडी मागितली, दिली. परत घ्यायचा प्रश्न नाही, आणि देणाऱ्याला नाही म्हणायचा हक्क नाही. इसोआ घाईघाईने म्हणाला, नाहीतर राहू दे, तुझ्या पायाला तुझाच वास येत असेल. पण बोलून चुकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नेमानी पायरीवर आला तो बूट घालूनच, आणि हातात विणलेली नवी चटई, गुंडाळलेली. तो दारातच बसला, ओंजळीने तीनदा टाळी वाजवली, आणि आडवळणाने, रीतीप्रमाणे बोलला: हे फार लहान आहे, आणायला लाज वाटते, तुमच्या घरासमोर हे काहीच नाही. चटईत तो पाण्याचा पाय होता. इसोआनेही ओंजळीने टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही हातांनी चटई घेतली. घेताना त्याला रडू आलं. ते खोटं नव्हतं. त्याला तो पाय हवा होता, खरंच हवा होता, इतका की रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

पाय बसेना. नेमानी धिप्पाड, त्याची नडगी जाड, इसोआची हडकुळी. वासितीने तिच्या भावाचे फुटबॉलचे मोजे कापून एकावर एक शिवले, मग टॉवेलचा तुकडा, मग आणखी एक मोजा. पाय उंचही होता, तेव्हा इसोआच्या उजव्या बुटाखाली टायरचा तुकडा ठोकला. तो उभा राहिला तेव्हा घरातल्या कपाटाच्या वरची धूळ त्याला पहिल्यांदा दिसली. रोज सकाळी तो भिंतीला धरून चालायचा, वासिती मागे हात पसरून उभी राहायची, हात लावायची नाही. एक दिवस मोजा काढताना तिला कातडीवर लाल गोल दिसला, नाण्याएवढा. तिने बोटाने दाबला. तो बघत राहिला, जणू दुसऱ्याच्या पायाकडे बघतोय. "त्याला सांग, बसत नाही म्हणून," ती म्हणाली. दिलेली वस्तू बसत नाही असं कुणी सांगतं का, तो म्हणाला. "चटई मोठी झाली तर दुमडता येते. पाय कसा दुमडणार?" ती म्हणाली. इसोआने मोजा परत चढवला. नेमानीला सांगितलं असतं तर नेमानीला वाटलं असतं, आपण टाकाऊ वस्तू दिली. आणि सांगितल्यावर पाय कपाटावर जाणार, कुबड्या परत काखेत. तो पुन्हा भिंतीशी बसणार, लोक आत येताना त्याला वळसा घालून जाणार. वासितीला हे कळत होतं. म्हणून तिने दुसऱ्या दिवशी आणखी एक मोजा शिवला, आणि त्यानंतर ती बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा त्याला राग यायचा, आणि ती बोलली असती तरी आला असता.

बस चढणीला लागली. गिअर बदलताना वाईसालेचा डावा पाय क्लचवर गेला आणि इसोआच्या डाव्या अंगात, जिथे पाय नव्हता तिथे, पाऊल दाबलं गेलं. हे अजून व्हायचं. जाणीव होती ती फक्त नसलेल्या पायात, असलेल्यात काहीच नाही. त्याने सुलूवरून गुडघ्याला हात लावला. गुडघा गरम होता. हात लावल्यावर तो गरम लागतो की हात गार आहे, हे त्याला ठरवता येईना. हॉस्पिटलचं दार जवळ येत होतं. घंटेची दोरी डोक्यावर लोंबत होती. त्याने मनाशी हिशेब मांडला: उतरलो तर सिस्टर बघेल, रागावेल, पाय काढून ठेवेल, साफ करेल, औषध देईल, कदाचित एवढ्यावरच भागेल, आणि गुडघा राहील. म्हणजे सभागृहात जायचं नाही. नेमानी दाराकडे बघत बसेल, मग कुणीतरी सांगेल, इसोआ हॉस्पिटलात गेला, पायाने जखम झाली म्हणून. नेमानी तो दिवस विमानात घेऊन बसेल, आणि पुढचे सगळे दिवस. नाहीतर पुढे जायचं, आजचा एक दिवस, आणि उद्या सकाळी यायचं. उद्या म्हणजे काही फार नाही. करंगळीच्या वेळीही तो असंच म्हणाला होता, हे त्याला आठवलं, आणि आठवूनसुद्धा त्याने दोरीला हात लावला नाही.

घंटा दुसऱ्याच कुणीतरी वाजवली. बस थांबली. बायका उतरल्या, थर्मास, उशा, गुंडाळलेल्या चटया घेऊन. नातलगांच्या खाटेखाली झोपायला जाणाऱ्या. एक मुलगी बापाला पाठुंगळी घेऊन उतरली, बापाला पाय दोन्ही होते, पण ते असून नसल्यासारखे लोंबत होते. सगळे उतरले तरी वाईसालेने बस काढली नाही. आरशातून त्याने इसोआकडे पाहिलं. "इसोआभाऊ, उतरायचंय का?" तो म्हणाला. इसोआला वाटलं, याला कसं कळलं. मग खाली पाहिलं तर बुटाच्या पांढऱ्या नाडीवर दोन लाल ठिपके होते. त्याने पाय बाकाखाली घेतला. "नाही रे," तो म्हणाला, "मी जेवायला चाललोय. आज तावाले जायचाय." वाईसालेने क्लच दाबला. चढण संपली. इसोआला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची त्याला भीती वाटली.

सभागृहाच्या दाराशी चपलांचा ढीग होता. आत चटयांवर सगळे मांडी घालून बसलेले, समोर गावचा म्हातारा प्रमुख, त्याच्या बाजूला नेमानी, गळ्यात फुलांची माळ, एक पाय बुटासकट पुढे पसरलेला, ती लाज झाकायला त्यावर चटईची कड ओढलेली. नारळाच्या दुधातल्या माशाचा वास येत होता. इसोआने बूट काढले नाहीत. उजव्या बुटाखालचा टायर गेला की तो एका बाजूला कलतो, म्हणून त्याला ते काढता येत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, तरी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या मधून जायचं तर वाकून जायचं, क्षमा मागत. याचा सराव त्याने घरी केला होता. पाठ वाकवली की वजन गुडघ्यावर येतं, खोबणीची कड आत घुसते. तो वाकला आणि चालू लागला. कुजबूज थांबली. मग कुणीतरी ओंजळीने टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, मग सगळं सभागृह, घुमल्यासारखं. नेमानी डोळे पुसत होता, माळेनेच. इसोआ त्याच्यापर्यंत पोचला आणि नेमानीने त्याला धरून शेजारी बसवलं, त्याच्या मानेला मान घासली. "म्हातारीसारखा चालतोस," तो म्हणाला, "पण चालतोस, साल्या." आणि मग हळूच, कुणाला ऐकू न जाईल असं, "लागत नाही ना?" इसोआ म्हणाला, छे, काही कळतसुद्धा नाही. त्याने खरं तेच सांगितलं होतं. नेमानीला ते हवं होतं. त्याची पायवाली बाई म्हणाली होती, एकाचा पाय दुसऱ्याला कधी देऊ नकोस, त्यात माणसाचं वाटोळं होतं. आता तिला दाखवतो, तो म्हणाला, तिला काय माहीत आपली माणसं. इसोआचं चालणं उतरवायला भाच्याकडे दिलेला मोबाइल त्याने घेतला, त्यात बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. भाच्याने बटण दाबलंच नव्हतं. काही उतरलं नव्हतं.

नेमानीने इसोआच्या खांद्यावर हात ठेवला. "पुन्हा एकदा येतोस? दारापासून. एकदाच." मग तो प्रमुखाकडे वळून ओंजळीने टाळी वाजवून म्हणाला, याला आज वाकायला लावू नका, चेहरा दिसायला हवा, तिकडे दाखवायचंय. म्हातारा हसला आणि म्हणाला, ताठ येऊ दे. स्वयंपाकघराच्या दारात वासिती उभी होती, हातात दालोचं ताट. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ती चटईकडे बघत होती, ज्या वाटेने इसोआ आला होता तिथे, जिथे पिवळ्या विणीवर ओला, गडद ठिपका होता, आणि पुढे आणखी एक. इसोआने तिच्याकडे पाहिलं. तिने ताट कुणाच्या तरी हातात दिलं, बसलेल्या बायकांच्या मधून वाकून आली, आणि त्या मोठ्या ठिपक्यावर बसली. फुलाफुलांचा झगा तिने दोन्ही बाजूंना नीट पसरला, त्याखाली दुसराही गेला. शेजारणीने सरकून तिला जागा दिली. इसोआ नेमानीच्या खांद्याचा आधार घेऊन उठला, दारापर्यंत गेला, वळला. इतक्या लोकांच्या डोक्यांवरून त्याला आयुष्यात कधी बघता आलं नव्हतं. नेमानीने मोबाइल डोळ्यांसमोर धरला. वासितीने मान खाली घातली. इसोआने पहिलं पाऊल टाकलं, ताठ, आणि नेमानी मोबाइलच्या मागून म्हणत राहिला, "ये, ये, असाच ये."